एका मोटारीचा जीर्णोद्धार

मला मोटार चालविता येत नाही, आणि जिच्याविषयी येथे लिहीत आहे ती मोटार मी डोळ्यांनी पाहिलेलीही नाही. तिची माझी ओळख झाली ती एका न्यायनिर्णयातून. आमच्या विद्यापीठाच्या विधी विभागात शिकविणारे एक स्नेही निवृत्तीच्या सुमारास आपल्या खोलीतील कागदपत्रांची विल्हेवाट लावीत होते. छायाप्रतींचा एक गठ्ठा माझ्या हाती देत ते म्हणाले, "हे खरे तुमच्या पाठचिकित्सेचे प्रकरण. आमच्याकडे चुकून आले." मी तो गठ्ठा घरी नेला आणि रात्री जेवणानंतर सहज चाळावयास घेतला. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी १९९० साली दिलेला तो निर्णय होता. वाद एका जुन्या बेंटली मोटारीच्या विक्रीचा होता आणि न्यायालयापुढचा प्रश्न वरकरणी बालिश वाटावा इतका साधा होता: विकली गेलेली ही मोटार 'तीच' आहे काय? वाचून संपले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि मला झोप लागली नाही. त्याचे कारण मात्र मोटार नव्हते. ते पुढे येईलच.

वॉल्टर ओवेन बेंटली हा रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केलेला माणूस. पहिल्या महायुद्धात त्याने विमानांची इंजिने तयार केली आणि १९१९ साली मोटारींची कंपनी काढली. तिचा कारखाना लंडनच्या उत्तरेला क्रिकलवुड येथे होता. त्याच्या मोटारी दणकट, वजनदार आणि वेगवान असत. पण कंपनीची तिजोरी नेहमीच रिकामी. १९२६ साली ती सावरली वुल्फ बार्नाटोने. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बापाचा हा मुलगा. त्याने कंपनीत पैसा घातला, तो तिचा अध्यक्ष झाला, आणि शिवाय तिच्या मोटारी शर्यतीत स्वतः चालवू लागला. असा धनको कोणत्याही कारखानदाराला हवासाच वाटेल.

फ्रान्समधील ल मां येथे १९२३पासून चोवीस तासांची शर्यत होत आली आहे. त्या काळी सुमारे सोळा किलोमीटरांच्या, एरवी वाहतुकीच्या असलेल्या रस्त्यांवरून दोन चालकांनी आळीपाळीने दिवसरात्र मोटार हाकावयाची. जिचे अंतर सर्वांत अधिक भरेल ती जिंकली. १९२९ साली बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी साडेसहा लिटरची, सहा सिलिंडरांची 'स्पीड सिक्स' जातीची बेंटली घेऊन ही शर्यत जिंकली. चोवीस तासांत ती २,८०० किलोमीटरांहून अधिक धावली, आणि तिच्या पाठोपाठच्या तिन्ही क्रमांकांवरही बेंटलीच होत्या. त्या दिवशी मोटारीवर शर्यतीचा आकडा एक रंगविलेला होता, म्हणून पुढे तिला 'ओल्ड नंबर वन' म्हणू लागले. नोंदणीचा क्रमांक एमटी ३४६४. पुढच्या वर्षी, १९३० साली, बार्नाटोनेच ग्लेन किडस्टनच्या जोडीने तीच शर्यत त्याच मोटारीत पुन्हा जिंकली. या वेळी तिच्यावर आकडा चारचा होता, पण नाव बदलले नाही. बार्नाटो ल मांला तीनदाच उतरला, १९२८, १९२९ व १९३० साली, आणि तिन्ही वेळा जिंकला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. 'त्याच मोटारीत' असे मी आताच लिहून गेलो, आणि १९३०च्या वृत्तपत्रांनीही तसेच लिहिले असते. परंतु शर्यतीची मोटार ही दिवाणखान्यातील घड्याळासारखी वस्तू नव्हे. प्रत्येक शर्यतीनंतर ती कारखान्यात उघडली जाते. झिजलेले काढले जाते, तडकलेले टाकले जाते, आणि एका मोटारीचा भाग दुसरीला लावण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही. पुढच्या शर्यतीत ती उभी राहिली पाहिजे, एवढेच त्या लोकांपुढे असते. ती जतन करावयाची वस्तू आहे ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनात नव्हती.

त्या दुसऱ्या विजयानंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. १९३१ साली तिचे दिवाळे वाजले आणि त्याच वर्षी ती रोल्स-रॉईसच्या ताब्यात गेली. किडस्टन त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत विमान अपघातात मरण पावला. मोटार मात्र धावतच होती. लंडनजवळ ब्रुकलँड्स येथे १९०७ साली बांधलेला काँक्रीटचा शर्यतमार्ग होता. त्याची वळणे कढईच्या काठासारखी उंच चढविलेली होती. तेथील पाचशे मैलांची शर्यत १९३१ साली जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी 'ओल्ड नंबर वन'मधून जिंकली. पुढच्या वर्षी बार्नाटोने मोटार पुन्हा बांधून घेतली. आता तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले आणि खाली बेंटलीच्याच चार लिटरच्या मोटारीची चासी आली. त्या जातीची मोटार कंपनीने बाजारात आणली होती १९३१ साली. म्हणजे मोटारीचा कणाच तिच्या दोन्ही मोठ्या विजयांहून वयाने लहान झाला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डन्फी ती चालवीत असताना मोटार चढत्या वळणाच्या कडेवरून पलीकडे गेली. क्लाइव्ह जागीच ठार झाला.

त्यानंतर मोडलेली मोटार रस्त्यावर चालविण्याजोगी म्हणून पुन्हा उभी केली गेली. मालक बदलले, अंगावरचा पत्रा बदलला, आणि पुढील दशकांत कधीतरी तिला पुन्हा ल मांच्या शर्यतीतील उघड्या मोटारीचे रूप दिले गेले. या मधल्या काळाविषयी अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही. नातवंडे झाल्यावर लग्नातला शालू पुन्हा नेसावा, तशातलाच तो प्रकार.

एप्रिल १९९० मध्ये त्या वेळच्या मालकाने ती विकण्याचा करार केला. व्यवहार सुमारे एक कोटी पौंडांचा. नंतर खरेदी करणारी कंपनी मागे सरली. मोटार अस्सल नाही, सबब पैसे देणार नाही, असे तिचे म्हणणे. विक्रेता न्यायालयात गेला. मग तज्ज्ञ आले, छायाचित्रे आली, दुरुस्तीच्या जुन्या नोंदी आल्या, आणि एका न्यायाधीशाला बोल्ट आणि बेअरिंगे यांची वंशावळ तपासणे भाग पडले. त्याने जे निष्कर्ष काढले ते पाठचिकित्सकाने हेवा करावा इतके काटेकोर आहेत. १९२९च्या विजेत्या मोटारीतले, ज्यांचा काळ ठरविता येणार नाही अशा किरकोळ जोडण्या सोडल्या, तर काहीही उरलेले नाही. १९३०च्या मोटारीतले बहुधा तीनच भाग उरले आहेत: पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. चासी आणि इंजिन १९३२च्या सुमाराचे. बाकीचे सारे त्याहून अलीकडचे.

येथवर वाचल्यावर निकाल कोणत्या बाजूने लागणार याविषयी मला शंका उरली नव्हती. मी आडाखा बांधला आणि तो साफ चुकला. न्यायमूर्तींनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोटारीत जे जे नवे आले ते थोडथोडे, काळाच्या ओघात आणि त्या त्या वेळच्या चालत्या मोटारीत सामावून गेले. ती 'ओल्ड नंबर वन' राहिली नाही असे म्हणता येईल असा एकही क्षण तिच्या आयुष्यात दाखविता येत नाही. त्या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी मोटार जगात नाही, पूर्वीही नव्हती. आणि विकावयास काढले होते ते केवळ लोखंड नव्हे, त्याबरोबर तिचा इतिहास आणि लौकिकही विकला गेला होता.

आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी नागसेनाचा रथ आठवल्यावाचून राहणार नाही. मिलिंद राजा रथात बसून आला असता भिक्षू नागसेन त्याला विचारतो: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दोर, दांडी, यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येक वेळी 'नाही' म्हणतो आणि अखेर 'रथ' ही त्या सर्वांच्या आश्रयाने चालणारी केवळ संज्ञा आहे हे कबूल करतो. पण माझ्या मते न्यायमूर्तींना उपयोगी पडला असता तो हा दृष्टान्त नव्हे. रथाचा प्रश्न एका क्षणीच्या अवयवांचा आहे. मोटारीचा प्रश्न साठ वर्षांच्या काळाचा होता. त्याच ग्रंथात नागसेन दिव्याचा दृष्टान्त देतो: रात्रीच्या पहिल्या प्रहरी तेवणारी ज्योत आणि अखेरच्या प्रहरी तेवणारी ज्योत एकच काय? एकच म्हणवत नाही आणि वेगळीही म्हणवत नाही. दिवा मात्र रात्रभर जळत होता. न्यायमूर्तींचा निकाल हा या ज्योतीचा निकाल आहे. तो आपल्या भाषेत द्यावयाचा तर 'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्यापाशी पूर्वीपासून आहे. आम्हा माळव्यातल्या मराठी घरांना तो अहिल्याबाईंमुळे लहानपणापासून ओळखीचा. त्यांनी उभ्या केलेल्या देवळात जाऊन 'यातला मूळचा दगड कोणता?' असे विचारणारा भाविक मी तरी पाहिलेला नाही.

विचारणारा विद्वान मात्र पाहिला आहे. तो मीच.

आमच्या घरी ज्ञानेश्वरीची एक हस्तलिखित पोथी आहे. सुटी पाने, दोन लाकडी फळ्या, वर तांबडे बासन. पुष्पिकेत लेखनाचा शक १६८४ दिलेला. ही पोथी होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलेल्या आमच्या पूर्वजाने आणली, असे घरात सांगत. चातुर्मासात ती रोज वाचली जाई, म्हणून पाने झिजत. कोपरे जात, मधोमध घडीच्या रेषेवर तुकडे पडत. जे पान वाचवेनासे होईल ते घरातील कर्त्या पुरुषाने नव्या कागदावर उतरून काढावयाचे, जुन्याशी ताडून पाहावयाचे, आणि जुने पान नर्मदेत सोडावयाचे, असा परिपाठ होता. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, शाळेत गणित शिकवीत. त्यांनी आपल्या हयातीत बोरूने अशी कितीतरी पाने लिहिली. त्यांचे अक्षर छपाईसारखे नव्हते, पण चूक झाली तर हरताळ लावून ती इतकी नेटकी दुरुस्त करीत की दुरुस्तीच पाहात राहावी. आणि प्रत्येक पानाच्या डाव्या समासात, अगदी तळाशी, ते शिसपेन्सिलीने बारीक तारीख घालीत.

१९८१च्या उन्हाळ्यात मी सव्वीस वर्षांचा होतो. पाठचिकित्सा नुकतीच शिकलो होतो. पुण्याला भांडारकर संस्थेत महिनाभर राहून आलो होतो. सुकथनकरांनी आदिपर्वाला लिहिलेली प्रस्तावना तेव्हा मला जवळजवळ पाठ होती. घरी आल्यावर मी पोथी सोडली आणि तीन दिवस बसून तिची तपासणी केली. हात किती, कागद कोणता, शाई कोणती. एकूण पाने ४१२. त्यांत मूळ हाताची, जुन्नरी कागदावरची, ६१. पुष्पिकेचे पान गिरणीच्या कागदावर; उजेडात धरले की कारखान्याचे जलचिन्ह दिसे. म्हणजे शक १६८४ लिहिणारा हात शक १८०० नंतरचा. चौथ्या दिवशी दुपारी, आत्या आणि काका आलेले असताना, जेवणे झाल्यावर मी माझे निष्कर्ष सांगितले. "पोथी जुनी नाही, अण्णा. जुन्या पोथीची ती आपण केलेली नक्कल आहे, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी." पुरावा म्हणून मी त्यांच्याच पेन्सिलीच्या तारखा वाचून दाखविल्या.

अण्णा काही बोलले नाहीत. पोथी बासनात बांधून त्यांनी कोनाड्यात ठेवली. त्या चातुर्मासातही ती वाचली गेली, पुढेही वाचली गेली. पण अण्णांनी त्यानंतर एकही पान उतरून काढले नाही. हे मला त्यांच्या जिवंतपणी समजले नाही. ते १९९४ साली गेले, आणि पोथी माझ्याकडे आली तेव्हा समासातील तारखा पाहताना लक्षात आले की शेवटची तारीख माघ महिन्यातील आहे, १९८१ची, माझ्या त्या दुपारच्या चार महिने आधीची. मधल्या तेरा वर्षांत झिजलेली पाने झिजतच राहिली होती.

न्यायमूर्तींच्या निर्णयाने त्या रात्री मला जागे ठेवले ते यामुळे. माझी मोजदाद बरोबर होती. आज पुन्हा मोजली तरी एकसष्टच भरतील. परंतु पोथीचे वय विचारले असता मी कागदाचे वय सांगितले होते. इंग्लंडातल्या एका माणसाने लोखंडाचे वय माझ्याइतक्याच कठोरपणे मोजले, एकही भाग उगाच जुना ठरविला नाही, आणि तरीही मोटारीचे वय त्यात सापडत नाही हे त्याला दिसले. तो निर्णय १९९०चा. अण्णा तेव्हा होते. गणिताच्या शिक्षकाला तो युक्तिवाद आवडला असता.

आम्हा लोकांचा धंदा असा आहे की थरांखालचा पहिला थर आम्हाला खरा वाटतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. विद्वत्तेच्या जगात त्याला तोड नाही, असे मी आजही म्हणेन. पण त्या आवृत्तीतील संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत नाही. ती अनेक पोथ्यांच्या साक्षीवरून उभी केली आहे. कथेकरी ज्यावर बोलले आणि नीलकंठाने ज्यावर टीका लिहिली ते महाभारत प्रक्षेपांसह होते, झिजून पुन्हा भरलेले होते. ज्ञानेश्वरीचेच घ्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. तो जीर्णोद्धारच होता, आणि आज आपण ज्ञानेश्वरी म्हणतो तिच्यावर त्यांचा हात फिरलेला आहे.

मोटारींच्या जगात याची दुसरी बाजूही अलीकडे पाहावयास मिळाली. बेंटली कंपनीने २०२२ साली जाहीर केले की जुन्या आराखड्यांवरून ती स्वतःच बारा नव्या 'स्पीड सिक्स' बांधणार आहे, १९३०च्या ल मांच्या मोटारीसारख्या. तेव्हा आता एकीकडे १९३०च्या आराखड्याशी मिळत्याजुळत्या पण एकही शर्यत न पाहिलेल्या मोटारी, आणि दुसरीकडे त्या आराखड्यातले तीन भाग उरलेली पण शर्यत जिंकलेली मोटार. चिकित्सक संहिता आणि प्रचलित संहिता यांच्यातील भेद विद्यार्थ्यांना समजावून सांगताना माझी वर्षानुवर्षे दमछाक होत असे. हे उदाहरण तेव्हा हाताशी असते तर बरे झाले असते.

तथापि निर्णय मला सर्वस्वी पटतो असे नाही. काढून टाकलेली १९२९ची चासी एखाद्याच्या गोठ्यात पडून राहिली असती, त्याने तिच्यावर इतर जुने भाग जमवून एक मोटार उभी केली असती, तर? न्यायमूर्तींच्या युक्तिवादातील मोठा आधार हाच आहे की दुसरा दावेदार नव्हता. दावेदार नसणे हा पुष्कळदा योगायोग असतो. शिवाय एक कोटी पौंड समोर असले की इतिहास हा शब्द जिभेवर फार सहज येतो, याचा विसर पडू नये. आमच्या पोथीपुरता हा आक्षेप लागू नाही: काढलेली पाने नर्मदेत गेली, आणि पोथी कोणी विकत मागितलेली नाही. एका संग्रहालयाने मात्र ती ठेवून घेण्याची तयारी दाखविली होती. 'मूळ पाने वेगळी आणि उत्तरकालीन पाने वेगळी' अशा दोन पेट्यांत. तरुणपणी मीही हेच सुचविले असते. मी नम्रपणे नकार कळविला.

आणखी एका गोष्टीकडे मी निर्णय पुन्हा वाचताना वळलो. न्यायमूर्तींना इतक्या बारकाईने बोलता आले, कारण बेंटलीच्या कारखान्यात प्रत्येक चासीमागे दुरुस्तीच्या नोंदी ठेवीत. काय बदलले आणि केव्हा बदलले, ते कोणीतरी लिहून ठेवले होते. खोटा जुनेपणा उभा करणारा नोंद ठेवीत नाही. ज्या तारखा मी अण्णांच्या विरुद्ध पुरावा म्हणून वाचून दाखविल्या, त्या घालण्याची त्यांना कोणी सक्ती केलेली नव्हती.

गेल्या आषाढात मी बोरू करून घेतला. जुन्नरी कागद आता मिळत नाही. हातकागद मिळतो, तो आणला. बाराव्या अध्यायातील एका पानाची उजवी कड गेली आहे आणि चार ओळींतील शेवटची अक्षरे तिच्याबरोबर गेली आहेत. ते पान अण्णांच्याच हातचे आहे, १९५८चे. त्यावरून उतरून काढताना त्यांची एक चूक सापडली, एके ठिकाणी अनुस्वार राहून गेलेला. तो भरावा की तसाच ठेवावा यावर दोन दिवस गेले. अखेर भरला, आणि समासात तशी खूण केली. अक्षर मुळीच चांगले आलेले नाही. सत्तरीच्या हाताला बोरू सहजी वश होत नाही. खाली पेन्सिलीने तारीख घातली आहे. जुने पान अजून माझ्या टेबलावर आहे. ते नर्मदेत सोडावयास या हिवाळ्यात माझा नातू बरोबर येणार आहे, त्याला सुटी मिळाली तर.